पाठ

जुलैत मालक लोक थंड देशांना जातात
आणि कुत्री आमच्याकडे येतात,
उम्म अल कुवेनला, खारफुटीच्या अलीकडे.
प्रत्येकाची खोली वेगळी, नंबर वेगळा, एसी चोवीसवर.
सोबत घरची चादर, एखादा चावलेला बूट
आणि मॅडमनं लिहिलेला कागद:
रात्री दिवा चालू ठेवा. ढगांना घाबरतो.
ढग! इथं! जुलैत!

अकरा नंबरात दाना आली.
दाना म्हणजे यांच्याकडे मोती.
मला आपला शेंगदाणाच आठवला,
रंगही तसाच होता, भाजलेला.
सलुकी जात, लांबट तोंड, बरगड्या मोजून घ्याव्यात.
कोपऱ्यात गेली ती गेलीच.
मी आत शिरलो, चुचकारलं,
गावी वासराला खाजवतो तसं मानेखाली बोट नेलं.
ती गुरगुरली नाही. नुसती जांभई दिली
आणि डोळ्यांचं पांढरं दाखवलं.

डॉक्टर रुला दारातून म्हणाली, जिलू, बाहेर ये.
(झिलूचा झ तिला जमत नाही.)
ती जांभई झोपेची नाही,
ते तिचं 'पुरे' आहे.

मग तिनं फरशीवर निळी पट्टी चिकटवली.
इथून भिंतीपर्यंत दानाचं घर.
पाय टाकायचा नाही,
तू नाही, मी नाही, झाडूसुद्धा नाही.
ती उठून गेली की मग झाड.
आणि तू इथं बस, पाठ करून.

बसलो. चार दिवस.
पाठीला काय काय ऐकू यायला लागलं:
नखं फरशीवर. थांबली. श्वास. परत चादर.
पाचव्या दिवशी मानेवर
एक ओला, गार ठिपका.
वळायचं फार मन झालं.

आता आमची खोली. सहा माणसं, तीन दुमजली खाटा,
ज्याचा त्याचा पडदा.
माझा बायकोच्या साडीचा, जर काढून घेतलेला.
हमीद मुकादमचा शारजाच्या बाजारातला, त्यावर मोर.
पडदा ओढला की सहा बाय अडीच फुटांचे मालक.
पण आमच्यात पडद्याला विचारतो कोण?
बोलता बोलता सरकवतात,
'झोपलास काय रे?' म्हणून उठवतात.
प्रेमच असतं ते, नाही असं नाही.

गुरुवारी हमीदचा बाप गेला, तिकडे बाणकोटला.
दुपारच्या नमाजानंतर माती झाली,
ह्यानं मोबाईलवर पाहिली.
मध्येच नेट अडकलं,
कुणाचा तरी खांदा काचेवर तसाच थिजून राहिला.
मग त्यानं मोर ओढून घेतला.

सगळे उठले. अशा वेळी माणसाला एकटं सोडत नाहीत.
सुलेमान पडद्याला हात लावणार,
मी म्हटलं, थांब.
का? ते मला सांगता येईना.
कुत्रीकडून शिकलो, हे कुठल्या तोंडानं सांगू,
आणि तेही मुकादमाच्या बाबतीत,
जो मी कामावरून आलो की दारातच म्हणतो,
आधी सात पाण्यांनी अंघोळ, मग सलाम.

चहा केला. स्टुलावर ठेवला, फटीपासून हातभर.
खाली बसलो, मोराकडे पाठ करून.
एकेक करत बाकीचेही बसले,
सुलेमान सगळ्यांत शेवटी, पुटपुटत.
एसीचं पाणी बादलीत पडत होतं.
कुणाचा तरी फोन थरथरून गप्प झाला.
चहावर साय धरली असणार,
बघणार कोण?

पुष्कळ वेळानं मागे कड्या हलल्या.
पेला उचलल्याचा आवाज. मग ठेवल्याचा.
मग घोगरं,
'साखर कोणी टाकली एवढी?'

मी, म्हटलं.
भिंतीकडे बघत.