नाकाचा रकाना

पुएर्तो मोंतच्या हॅचरीत
तीन यंत्रं मांडून ठेवलीत एलियानानं.

निळ्या दिव्याचं गरीब बिचारं :
दिवसभर जळतं, चिमूटभर ओझोन देतं.
ठिणगीचं तडफदार,
पण हवा कोरडी ठणठणीत लागते त्याला,
नाहीतर आम्ल ओकतं;
इथं तर भिंतींनाही घाम फुटतो.
तिसरं पाण्याचंच पोट फोडून वायू काढतं,
इवलंसं,
किंमत मात्र सांगू नये अशी.

आकडे भरून झाले.
रात्रपाळीचा रेमिहियो दारातच थबकला,
हुंगून म्हणाला,
"ठिणगीवाल्याची नळी गळतेय."
मीटर गप्प होता.
नाकासाठी वहीत रकाना नव्हता.

तिनं खटका बंद केला.
टाकीत नखाएवढी पिल्लं
तोंडं उघडत-मिटत राहिली,
येईल त्या पाण्याला
हो म्हणत.