तीनशे अठरा

पुन्ता आरेनासचा वारा दुकानाची पाटी वाचू देत नाही.
माणसं मान खाली घालून जातात,
कोपऱ्यावर बांधलेला दोर धरून रस्ता ओलांडतात,
आणि माझ्या काचेवरची अक्षरं
(दानित्सा. टाचा, सोल, चेन)
फक्त समोरच्या कुत्र्याला पाठ आहेत.

म्हणून भाचीनं दुकान फोनमध्ये घातलं.
योसेलिन, वय एकोणीस, नखं निळी.
पहिल्या फोटोत एक चकचकीत काळा बूट,
खाली : उत्तम काम, वाजवी दर.
अकरा जणांनी पाहिला.
त्यातले दोन मीच.

मग फोननंच अदबीनं विचारलं :
तीन हजार पेसो द्या,
नऊशे ते चोवीसशे लोकांपुढे नेऊन ठेवतो.
नऊशे ते चोवीसशे!
मी गिऱ्हाइकाला म्हटलं असतं,
टाच बसवते, दोन ते पाच सेंटिमीटर,
तर तोच बूट त्यानं माझ्या डोक्यात घातला असता.
तीन हजारांत मी टाचांची एक जोडी बदलते.
चाळीस मिनिटं, खिळे तोंडात धरून.
तेव्हाही ते तोंडातच होते,
म्हणून नुसती मान हलवली.

मग फुकट दिसायचं तर बूट नको, मावशी,
बूट सगळ्यांकडे असतात.
असं म्हणत तिनं दुकानभर नजर फिरवली
आणि वरच्या फळीशी थांबली,
जिथं कुणी न्यायला न आलेले जोड असतात.
नियम सहा महिन्यांचा.
वडिलांनी पाळला नाही, मीही नाही.

धूळ पुसू दिली नाही तिनं.
खिडकीच्या उजेडात, तिकिटासकट, एकेक :
लग्नाचे पांढरे सँडल.
शाळेचा एकच बूट, डावा.
कुणाचे तरी गमबूट, त्यात अजून वाळू.
आणि तीनशे अठरा, आन्सेल्मो कार्कामो,
नाचाचे बूट, नवा सोल, एप्रिल दोन हजार नऊ.
खाली एवढंच : हे कुणाचे?

रात्री दहाला टाक, मी म्हटलं.
तेवढं मला कळतं.
तेव्हा भांडी घासून झालेली असतात
आणि सगळं गाव शेगडीपाशी बसून
दुसऱ्याच्या घरात डोकावत असतं.

कुणी लिहिलं, सँडल माझ्या चुलत बहिणीचे,
लग्न मोडलं, तिथंच राहू देत.
कुणी, डावा माझा असावा,
आता मी ट्रक चालवतो, बेचाळीस नंबर लागतो.
मी प्रत्येकाला उत्तर दिलं,
एका बोटानं, खिळा ठोकावा तसं एकेक अक्षर.
बायकांनी बायकांना हाका मारल्या,
हाक सामुद्रधुनी ओलांडून गेली.
आकडा सांगत नाही.
दृष्ट लागते.

शुक्रवारी पोर्वेनीरच्या फेरीबोटीनं एक बाई आली.
फोनवर तीनशे अठरा.
वडील. गेले त्याच वर्षी, मे महिन्यात.
शनिवारी नाचायचे, म्हणाली,
आई असली तर आईशी, नसली तर खुर्चीशी.
तिनं बुटात हात घातला,
बोटं पार पुढं नेली,
जिथं अंगठ्यानं चामड्यात खळगा पाडला होता,
आणि तिथंच ठेवली.

पैसे नकोत, म्हटलं.
तिनं तिकिटावरचा जुना दर मोजला, नाण्यावर नाणं.
योसेलिननं फोन उचलला होता.
मी तिच्याकडे पाहिलं.
तोंडात खिळे नव्हते, तरी काही बोलले नाही.
फोन पालथा झाला, गल्ल्याशेजारी.

काल एका जॅकेटच्या चेनचा फोटो टाकला.
नऊ जण.
त्यातल्या एकानं विचारलं, दुकान कितीला बंद होतं?
लिहिलं, सातला.
पण वारा फार असला तर दार जोरात वाजवा,
मी आतच असते.