मोड

सराफ बाजारात आमचं दुकान उताराच्या टोकाला,
म्हणून नदी आधी येते, गिऱ्हाईक नंतर.
दुतोंड्याच्या छातीला पाणी लागलं
की आम्ही खालची फळी रिकामी करतो.
भिंतीवर अण्णांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत:
एक गुडघ्याशी, एक गल्ल्याशी,
तिसरी लक्ष्मीच्या तसबिरीत, थेट तिच्या पावलांवर.
तिच्यापुढे साल लिहिलंय. बाकी काही नाही.

आम्ही मोड घेतो.
मोड म्हणजे जे कुणाचं तरी होतं.
झाकण हरवलेली अत्तरदाणी,
जोडीतला एकच उरलेला वाळा,
करगोटा, मासोळ्या,
चोच चेपलेलं बोंडलं, ज्यातून दूध प्यालेला माणूस
आता पेन्शनीच्या रांगेत असेल.
पोचे काट्यावर उमटत नाहीत.
दातांच्या खुणांचं वजन शून्य.

टंच काढायचा, डाख वजा करायचा, घट धरायची.
पहाटे झारेकरी येतात, दारातला केर विकत नेतात.
धुळीत चांदी असते असं नाही,
असावी, एवढ्यावर त्यांची तीन पोरं शिकली.

भांड्यावरचं नाव मात्र अण्णा आधी वाचतात. मोठ्यानं.
सौ. कृष्णाबाई हिस वडिलांकडून.
चि. दत्तूच्या मुंजीनिमित्त, आत्या, निफाड.
मग ते वहीत उतरवतात, वजनाशेजारच्या रकान्यात,
तेव्हा कुठे भांडं आटणीला जातं.
हिशेब तपासणाऱ्यानं एकदा विचारलं, हा रकाना कसला?
अण्णा म्हणाले, घट.

परवा सिडकोतून एक मुलगा आला,
हेल्मेटही न काढता. पिशवीत तांब्या.
अण्णांनी नाव वाचलं नाही.
नुसता अंगठा फिरवला त्यावरून, दोनदा,
आणि काट्यावर ठेवला.
तीनशे बारा ग्रॅम. सत्तावीस भाराला थोडं कमी.
घट धरली नाही.
मुलगा नोटा मोजत गेला. मी तांब्या उजेडाकडे वळवला:
चि. सौ. कां. मनोरमा हिस मामांकडून, सिन्नर.

आईचं नाव मी असं पूर्ण कधी वाचलं नव्हतं.
तिसऱ्या खुणेच्या साली
अण्णांनी तो धुळ्याला नेऊन विकला होता.
नाशकात कुणीतरी ओळखला असता.

दुपारी ती डबा घेऊन आली.
तांब्या उचलला, आत डोकावली,
बुडाशी बोटानं पोचा शोधला. होता.
"काय भाव लावलात?"
"आजचा."
"तेव्हा काय आला होता?"
अण्णांनी सांगितलं. पैशांसकट.
"म्हणजे धंद्यात बसलोच की आपण," ती म्हणाली,
आणि डबा उघडला.
मेथी होती. भाकरी अजून गरम होती.
दोघं बराच वेळ मिठाबद्दल बोलत राहिले.

तांब्या आता वरच्या फळीवर असतो,
तिसऱ्या खुणेच्या हातभर वर.
रिठ्याच्या पाण्यानं मी सगळं धुते, तो सोडून.
काळा पडतोय, पडू दे.
एक बाई विचारत होत्या, द्यायचाय का?
मी म्हटलं, अण्णा जेवायला गेलेत.

वहीत त्या दिवशीची ओळ आहे.
वजन, टंच, रक्कम, मुलाची सही.
शेजारचा रकाना कोरा.