छाट

सभा विडी घरकुलात, अंगणवाडीच्या खोलीत.
भिंतीवरच्या फळांच्या तक्त्यावर
कुणाच्या तरी मागावरची कोरी चादर ताणून
पडदा केलेला.
इथे दुपारचे तीन. पडद्यात कुठे सकाळ,
कुठे दिवा लावून बसलेली माणसं.
त्यांना म्हणे आमच्याकडून ऐकायचंय,
हे जे सगळं यंत्रात चाललंय
ते न्याय्य कसं व्हावं.

मी दुभाषी. पगार नाही, चहा आहे.
तेलुगूतून मराठीत, मराठीतून जमेल तशा इंग्रजीत;
तिथून कुणी फ्रेंचमध्ये नेतं, पुढे अशा एका बोलीत
जिचं नाव मला दोनदा विचारूनही म्हणता आलं नाही.
इतक्या हातांतून गेलेली विडी
टोकाला उसवणारच.

नरसव्वा येमूल पहिल्या रांगेत, मांडीवर सूप.
हजार पुरे व्हायचेत,
आणि सभेची हजेरी कारखाना धरत नाही.
पान, तंबाखू, वळ, दोरा. नजर पडद्यावर.
मधेच मला विचारते,
न्यायम अंटे एंदि?

शाश्वत, समावेशक, सर्वांगीण
पाठ केलेले सगळे आले ओठांपर्यंत
आणि तिच्या सुपात बघून मागे फिरले.
शेवटी तीच म्हणाली,
म्हणजे छाट काढणार नाहीत?

छाट तुम्हाला माहीत नसेल.
हजार विड्या समोर ठेवायच्या.
तपासणारा मूठभर बाजूला सारतो:
ही आखूड, ही सैल, हिचं पान डागी.
त्यांचे पैसे नाहीत.
त्या विड्याही परत नाहीत.
कुठे जातात, ते विचारायचं नसतं.

गेले तीन महिने नरसव्वाचा अंगठा छाटीत निघतोय.
चाळीस वर्षं पान घासून रेषा गेल्या.
रेशनचं मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
ती करते. पदराला पुसून, थुंकी लावून, करते.

माझा बाप साखर पेठेत जॅकार्डची कार्डं पाडायचा.
पुठ्ठ्यात भोक असलं तर धागा वर,
नसलं तर खाली.
गल्लीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा
सगळं ऐकून घेऊन म्हणाला, हा तर आमच्यातलाच.
मग चष्मा पुसत:
मोराची मान वाकडी आली तर विणणाऱ्याला झापू नये.
कार्ड काढून बघावं. भोक कुणी विसरलं.

छाटीला मी इंग्रजीत 'रिजेक्ट' म्हटलं.
वाटलं, मेला शब्द.
पडदा गप्प. चित्र अडकलं, सुटलं.
आणि आयव्हरी कोस्टमधल्या कुठल्याशा शेडमधून
एका बाईने दहाही बोटं कॅमेऱ्यासमोर धरली.
काजू सोलते ती. टरफलाचा चीक भाजतो.
बोटांची टोकं गुळगुळीत,
उकडलेल्या अंड्यासारखी.

नरसव्वाने कात्री ठेवली.
सूप खाली ठेवलं, जे चहालाही ठेवलं नव्हतं,
आणि उठून लॅपटॉपला अंगठा दाखवला.
इतका जवळ, की चादरभर
नुसतं पिवळं पडलेलं कातडं.
संयोजक म्हणाले, कृपया एकेकाने बोला.
कुणीच बोलत नव्हतं.

तेवढ्यात लाईट गेली.

निघताना हजेरीवर शाईचा अंगठा.
कारकून म्हणाला, साफ उठला नाही मावशी, परत लावा.
ती हसली. पहिल्यांदाच हसली त्या दिवशी.
सुपात नऊशे साठ. चाळीस कमी.
दारात चपला शोधता शोधता मला म्हणाली,
त्या बाईला विचार,
तिकडे किती काढतात.

मी विचारलं. संयोजकांमार्फत, चार भाषांतून.
उत्तर यायला नऊ दिवस लागले:
किलोला एक मूठ. कधी दोन.
मूठ कुणाची?
हे नरसव्वाने विचारलं. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

बराच वेळ पान भिजवत राहिली.
मग म्हणाली, लिही तिला.
वजन लिहून ठेव म्हणावं, स्वतःच्या वहीत.
मीही लिहिते आजपासून.
महिन्याने दोघींच्या वह्या
शेजारी ठेवून बघू.

लिहिता येत नाही तिला.
तिने रेघा ओढल्यात, खडूने, दाराच्या आतून.
मी फोटो काढून पाठवते.