शेरा

एप्रिल. साडेआठलाच पत्रा तापलेला.
सायकल स्टँडच्या सावलीत आम्ही अकराजण,
हात-दोन हात अंतर राखून,
तोंडाला कुणाच्या पंचा,
कुणाच्या बायकोच्या ओढणीचा तुकडा.
प्रश्न एकच होता आणि कुणीच तो आधी काढेना.

शेवटी यमूल बोलला,
"काय करायचं बे?
घरी आई ऐंशीची. एका खोलीत सहाजण.
वेगळं रहा म्हणतात. कुठं राहू?
माग बंद हाय, त्याच्यावर झोपू?"
नदाफ हसला नाही. एरवी तो
तार आल्यासारखं तोंड करणाऱ्यालाही हसवायचा.

हत्तुरेसाहेबांनी वरून आलेला कागद वाचला:
टपाल, अत्यावश्यक सेवा.
कागदासोबत हातमोज्यांची जोडी आली होती.
एक.

मी गप्प होतो.
माझ्या डोक्यात आदल्या दिवसाची दुपार.

जुना विडी घरकुल. नरसव्वा गुंडेटी.
खात्यात पाचशे आलेले,
कारखाना बंद, पाला नाही, तंबाखू नाही,
आणि अंगठा उमटेना.
चाळीस वर्षं पानं कापून, सूत गुंडाळून
बोटावरच्या रेघाच गेलेल्या.
मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
तिनं पदराला पुसला, कपाळाला पुसला,
पुन्हा प्रयत्न करा.
सातव्या वेळी मी तिचं बोट धरलं
माझ्या बोटांत, आणि दाबलं.
टीव्हीवर दिवसभर जे करू नका म्हणत होते
तेच.
पैसे निघाले.

तिनं तांब्याभर पाणी आणलं.
मी तांब्याकडे बघितलं.
मी बघितलं हे तिनं बघितलं.
उंबऱ्यावर ठेवून ती आत गेली.
बेचाळीस डिग्री होतं, बघा,
आणि मी प्यालो नाही.
ते पाणी अजून माझ्याकडे येणे आहे की देणे,
हिशेब लागत नाही.

ठराव वगैरे काही झाला नाही.
कुणी पिशवी उचलली, कुणी नाही.
मी उचलली. का, ते विचारू नका,
नुसतं उभं राहून पाय दुखायला लागले होते.

यमूल घरी गेला. त्याला कुणी काही म्हटलं नाही.
चौथ्या दिवशी त्याच्याच गल्लीचं पार्सल आलं,
पुण्याहून, बर्फाच्या डबीत इन्सुलिन.
बातमी कशी पोचली देव जाणे.
आला, लांबूनच सही केली,
तेवढं एकच नेलं
आणि परत आला नाही पंधरा दिवस.

इरय्या स्वामी मात्र रोज यायचा.
सगळ्यांच्या आधी येऊन शिक्क्यातली तारीख फिरवायचा.
"तारीख फिरवली की दिवस सुरू," म्हणायचा,
"नाहीतर आपण कालच्यातच."
मे महिन्याच्या सतराव्या तारखेला
शिक्क्यात सोळा तशीच होती.

परतीच्या टपालावर शेरा मारायचा असतो.
पत्ता अपूर्ण. घर बंद. सोडून गेले. मयत.
दोन-दोन शब्दांत माणूस उरकायचा.
त्या महिन्यात माझी लाल रिफिल
एका पंधरवड्यात संपली.
चौकातलं दुकान बंद,
तर पुढचे मयत मी निळ्यानं लिहिले.

दिवाळीनंतर एक रजिस्टर आलं माझ्या बीटावर:
श्री. इरय्या स्वामी, पोस्टमन, यांस.
आत काय आहे ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं,
आम्हालाही तसंच आलेलं,
जाड कागद, सोनेरी कडा,
संकटकाळात कर्तव्यावर हजर राहिल्याबद्दल.

गेलो.
त्याची बायको आता कडक भाकरी करून विकते,
डझनावर.
पेन काढलं. नियम माहीत आहे मला,
एकतीस वर्षं झाली.
लिहिलं, घर बंद.

दार सताड उघडं होतं.
आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन गेलो.