आत्याबाईंचं हेलिकॉप्टर, दोन तारे

शुक्रवारी सकाळी साडेनऊचा खेळ,
शनिवारी चारच्या आत मजकूर,
रविवारी सहाव्या पानावर डाव्या कोपऱ्यात
गुडघेदुखीच्या तेलाखाली मी.
सत्तावीस वर्षं.

नाव आधी वाचायचो, पोस्टर नंतर बघायचो.
नावात सूड असला की मध्यंतराआधी बहीण जाणार,
माहेर असलं की सगळ्या जणी परत येणार, हुंदक्यांसकट,
आणि नावापुढे तीन टिंबं असली
तर दिग्दर्शकालाही पुढचं माहीत नाही, हे समजून चालायचं.

नाव म्हणजे उचल, मी लिहायचो,
पैसे खिडकीवर घेतात, माल अंधारात दाखवतात.
हे वाक्य मला फार आवडायचं.
चार परीक्षणांत वापरलं.
पाचव्या वेळी खटावकरांनी लाल शाईने कापलं
आणि समासात लिहिलं: आता पुरे.

मग लालबागला ते लागलं.
थिएटरचं नाव सांगून उपयोग नाही,
तिथे आता चौतीस मजले आहेत
आणि सगळ्यात वर पोहायचा तलाव.
शिडीवर मार्शल परेरा लाकडी अक्षरं अडकवत होता.
त्याच्या पेटीत 'ळ' दोन, आणि 'ऑ'चा चंद्र एकही नाही.
बोर्डावर झालं: आत्याबाईंचं हेलिकाप्टर.
मी खालून ओरडलो, अहो, चंद्र राहिला!
तो वरून म्हणाला,
उडायला काय करायचाय चंद्र?

निर्माता खुटवळ. टेम्पोच्या पाठीवर नावं रंगवणारा,
भायखळ्याचा.
सगळा सिनेमा एका गच्चीवर, कारण गच्ची मेव्हण्याची.
पुतण्या दुबईहून फोनवर म्हणतो,
आत्या, तुला न्यायला हेलिकॉप्टरने येतो.
थट्टाच केलेली असते त्याने.
तेव्हापासून ती पापड कडेकडेने घालते,
मधली जागा झाडून मोकळी ठेवते,
शेजारीण चादरी वाळत घालायला आली की भांडते.
दोन तास हेच.
शेवटी नुसता आवाज येतो.
फडफड फडफड, जवळ, अजून जवळ,
पदर उडतो, पापड उडतात,
ती कपाळावर हात धरून वर बघते
आणि अंधार.

मी लिहिलं:
नावात हेलिकॉप्टर, पडद्यावर टेबलफॅन.
लोकांनी वाचून दाखवलं एकमेकांना,
कँटीनमध्ये कुणीतरी माझ्या चहाचे पैसे दिले.

लिहिलं नाही ते असं,
की तो आवाज आला तेव्हा
थिएटरात आम्ही अकरा जण होतो
आणि अकराही जणांनी माना वर केल्या.
पडद्याकडे नव्हे, छताकडे.
पुढच्या रांगेतल्या एका पोराने तर
डोक्यावरची टोपी दाबून धरली.
डोअरकीपर शेलटकरांनी बॅटरीचा झोत वर मारला,
तिथे गळतीचे डाग, एक बंद पंखा, दोन पारवे.
बाहेर पडताना ते म्हणाले,
रोज तीन खेळ होतात साहेब,
रोज मारतो. हात आपोआप जातो.

हे मला शनिवारी चार वाजताही आठवत होतं.
पण टेबलफॅनचं वाक्य
सिनेमा बघण्याच्या आधीच तयार होतं,
पोस्टर बघूनच सुचलं होतं,
आणि चांगलं वाक्य टाकवत नाही.

गुरुवारी सिनेमा उतरला.
परेराने अक्षरं पेटीत भरली,
त्याच 'ह'ने, त्याच 'क'ने पुढच्या शुक्रवारी
कुणाची तरी हाक लागली बोर्डावर.
खुटवळ परत टेम्पोंकडे गेला असावा.
फोन आला नाही त्याचा. शिवी तरी द्यायची.

आता मुलुंडला राहतो. सातवा मजला, वर गच्ची.
थंडीत उन्हाला बसायला खुर्च्या नेतात लोक,
मधोमध मांडतात, तशाच टाकून जातात.
मी जाऊन कडेला सरकवतो.
बायको म्हणते, मधे छान ऊन येतं की.
मी म्हणतो, असू दे.
जागा लागते.