चतुःसीमा

विषय : बांधकाम परवानगी मिळणेबाबत.
'मिळणेबाबत' फॉर्मात आधीच छापलेलं,
आपण फक्त मागायचं.

संपूर्ण नाव : बेबी दिगांबर ठोंबरे.
सेहेचाळीस वर्षांची बेबी.
पुढं सौ. / श्रीमती, लागू नसेल ते खोडावे.
दिगांबर सुरतेला गेला त्याला नऊ पोळे झाले.
मी दोन्ही तसंच ठेवलं.
सचिवसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, बोलले काही नाहीत.
ते मंगळवारी येतात आणि शुक्रवारी,
बाकीचे वार दुसऱ्या दोन गावांचे.

प्रयोजन : एक खोली, दहा बाय बारा, रस्त्याकडून शटर.
मशीन तिथं बसेल.
आता ती चुलीजवळ आहे,
गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला फोडणीचा वास लागतो,
म्हणून वानखड्याची सून माप द्यायला आर्वीला जाते.
हे लिहायला जागा नव्हती.

मौजा बोरखेडी. घरटॅक्स पावती जोडली आहे. नमुना आठ जोडला आहे.
मोजमाप मीटरमध्ये लिहावे.
माझा टेप दीडशे सेंटिमीटरचा,
गावभरच्या बायकांचे दंड मोजून पिवळा पडलेला.
तोच मातीवर अंथरला, उचलला, पुन्हा अंथरला.
शिवणीत मी दोन बोटं माया ठेवते,
उद्या अंग भरलं तर उसवता यावं.
नकाशात मायेचा रकाना नाही.

पूर्वेस : सरकारी रस्ता.
दक्षिणेस : नाली.
उत्तरेस : अर्जदाराचेच घर.
पश्चिमेस : श्री. उकंडराव लोणारे.
'त्यांची ना हरकत आणा,' साहेब म्हणाले,
जणू कोपऱ्यावरून साखर आणायची.

अकरा वर्षं बोलणं नाही.
कारण विचाराल तर पन्हाळीचं पाणी.
त्यांच्या अंगणात पडायचं की माझ्या,
आता पन्हाळही सडून गेली.
यशोदाबाई गेली तेव्हा मी दारातून पाहिलं,
तेरवीला गेले नाही.
तिचे दोन ब्लाउज शिवून तयार होते माझ्याकडे.
अजून आहेत.

संध्याकाळी कागद घेऊन गेले. ब्लाउज घेतले नाहीत.
ते खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.
'कायची सही?'
सांगितलं.
कागद दूर धरून वाचला, की वाचल्यासारखा केला.
मग म्हणाले,
'इकून खिडकी ठेवजो.'
मी म्हटलं, भांडण नको पुढं.
'भांडण कायचं? मशीनचा आवाज येत जाईन.
घर लय चुप हाय.'
सही करताना पेन अडकला,
त्यांनी तो शेंगेसारखा झटकला.

एक महिना. मग दुसरा.
मासिक सभा झाली, कोरम नव्हता.
पुढची झाली, ठराव मांडला, सूचक होते, अनुमोदक चहाला गेले होते.
शेवटी पंचायत समितीतून कागद आला,
लाल शाईत एकच त्रुटी :
लगतच्या हद्दीवर खिडकी अनुज्ञेय नाही.

'खिडकी काढा, परवा मंजूर,' साहेब म्हणाले.
'आणि ठेवायची असेल तर?'
'तर भिंत तीन फूट आत घ्या. खोली नऊची राहील.'
त्यांना वाटलं, मी हिशोब करतेय.
करतच होते.
मशीन, पाटा, इस्त्रीचं टेबल, एक स्टूल.
आरसा भिंतीवर.
नऊत बसतं. दाटीनं, पण बसतं.

नवीन नकाशाचे चारशे लागले.
कॉम्प्युटरवाल्या पोरानं विचारलं,
ताई, जागा सोडून देता? लोक तर सरकवतात.

पश्चिमेकडे तीन फूट पांढरी पट्टी निघाली कागदावर.
मोकळ्या जागेचा वापर : अशी ओळ आहे खाली.
मला सुचेना, कोरी सोडली.
उकंडरावांनी मात्र काल
खाट उचलून हद्दीजवळ आणून ठेवली,
भिंत नाही, खिडकी नाही, अजून वीटसुद्धा नाही,
आणि तिथं बसून शेंगा सोलतात.

शुक्रवारी साहेब येतील.